बाळंतपणानंतर मूळव्याध, फिशर, मोड: घरी काय करायचं आणि दवाखाना कधी गाठायचा

बाळंतीण घरी आली की सगळे विचारतात दूध येतंय का, बाळ झोपतंय का, टाके दुखतात का, पण संडासला नीट होतंय का हे कुणी विचारत नाही आणि ती पण स्वतःहून सांगत नाही. मी सांगलीकडं बाळंतपणाच्या वॉर्डात सिस्टर आहे. टाके दाखवायला परत आलेल्या पोरी सगळं झाल्यावर, निघता निघता दाराशी थांबून बारीक आवाजात विचारतात, सिस्टर, खाली कायतरी हाताला लागतंय, शी करताना रक्त पडतंय, हे असंच असतंय का? दाराशी उभं राहून जे सांगून होत नाही ते इथं सविस्तर लिहिते. तू वाच आणि आईला, सासूबाईंना, नवऱ्याला पण वाचायला दे, कारण ह्यातलं अर्धं काम स्वयंपाकघरातलं आहे आणि बाळंतिणीच्या ताटात काय पडणार हे बहुतेक घरात बाळंतीण ठरवत नाही.

आधी मुख्य गोष्ट सांगते. शी मऊ ठेवायची. मूळव्याध असो, फिशर असो, मोड असो, ओले टाके असोत, शी मऊ झाली की बहुतेकींचं दुखणं काही आठवड्यात आपोआप उतरतं, आणि शी कडकच राहिली तर कितीही महागडं मलम लावलं तरी रोज सकाळी जखम परत उघडते. मलम, टब, गोळ्या सगळं ह्याच्यानंतर.

हे होतं कशानं ते पण कळलं पाहिजे म्हणजे तू स्वतःला दोष देणार नाहीस. शेवटच्या महिन्यांत पोटातल्या पिशवीचा दाब खालच्या शिरांवर पडतो आणि त्या फुगतात, गरोदरपणातल्या हार्मोन्सनी आतडी संथ चालतात, लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांनी शी अजून घट्ट होते, आणि मग डिलिव्हरीत जोर लावताना त्याच फुगलेल्या शिरा बाहेर येतात. सिझर झालेल्यांना वाटतं आपल्याला हे होणार नाही, पण फुगलेल्या शिरा गरोदरपणातल्याच असतात आणि ऑपरेशननंतर हालचाल कमी, दुखण्याच्या औषधांनी पोट जड, त्यामुळं खडा, म्हणजे कडक घट्ट शी, त्यांना पण धरतो.

आता तुला नक्की काय झालंय ते बघू, कारण आपल्याकडं गुदाजवळ काही पण दुखलं की मूळव्याधच म्हणतात आणि मेडिकलवाला पण एकच मलम काढून देतो.

शी करताना ब्लेडनं कापल्यासारखी कळ येते, नंतर तास दोन तास आग होत राहते, कागदाला किंवा पाण्यात थोडं लालभडक रक्त दिसतं, असं असेल तर ते बहुतेक फिशर आहे, म्हणजे तिथल्या कातडीला चीर गेलीय. रक्त थेंब थेंब पडतंय पण दुखत काहीच नाही, शी झाल्यावर काहीतरी मऊ बाहेर येतं आणि परत आत जातं किंवा बोटानं हळू आत सारावं लागतं, ही आतली मूळव्याध. आणि एकदम, काल नव्हता आणि आज आहे असा निळसर, टणक, प्रचंड दुखणारा गोळा, बसता येत नाही, हा बाहेरचा मोड, त्यात रक्त गोठलेलं असतं. तो पहिले दोन-तीन दिवस फार दुखतो, मग दुखणं उतरायला लागतं आणि काही आठवड्यांत गोळा जिरतो, पण सहन होत नसेल तर ह्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच सर्जनला दाखव, कारण बारीक चीर देऊन गाठ काढायचा फायदा तेव्हाच जास्त होतो. घरी सुईनं, ब्लेडनं फोडायचा विचार पण करायचा नाही.

ह्या तिन्हींपेक्षा वेगळं दुखणं म्हणजे ठसठस. शीशी त्याचा संबंध नाही, दिवसरात्र ठसठसतं, एका बाजूला सूज, कातडी लाल आणि गरम, अंगात कणकण किंवा ताप. हे गळू आहे, आत पू धरलाय. ह्याला टब आणि मलम लावत बसायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना. गळवाचा पू डॉक्टरनं चीर देऊन काढावा लागतो, नुसत्या गोळ्यांनी ते दबतं आणि परत येतं, आणि पुढं तिथून सतत चिकट पाणी किंवा पू यायला लागला तर भगंदर झालं असं समजायचं, त्याचं ऑपरेशनच असतं किंवा शिकलेल्या वैद्याकडचं क्षारसूत्र, म्हणजे औषध लावलेला दोरा.

अंदाज लागत नसेल तर नवऱ्याला किंवा आईला बघायला सांग, नाहीतर आरसा धरून स्वतः बघ. लाज वाटते मान्य आहे, पण तुझंच अंग आहे.

आता खाणं. ह्याच्यावर मी जास्त बोलणार आहे कारण सगळं इथंच अडतं.

आपल्या सातारा-सांगलीच्या घरांत बाळंतिणीला तूप-मेतकूट-भात, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, खारीक-खोबरं हे सगळं प्रेमानं मिळतं आणि त्यात वाईट काही नाही. वाईट हे की ह्याच्याबरोबर पाणी तोडतात. पाणी पिलं की पोट सुटतं, टाक्यात पाणी होतं, बाळाला सर्दी होते असं सांगून दिवसाला दोन-तीन तांबे पण देत नाहीत, आणि ती बाई त्यातलंच पाणी दुधातून बाळाला देत असते. मग आतड्यात उरणार काय? पाण्यानं टाके पिकत नाहीत आणि पोट पाण्यानं सुटत नाही. दूध पाजणाऱ्या बाईला सगळं मिळून दिवसाला साधारण तीन लिटर पातळ पोटात गेलं पाहिजे, त्यात पाणी, ताक, वरणाचं पाणी, भाजीचं सूप, हुलग्याचं माडगं सगळं धरा. सोपा उपाय म्हणजे बाळाला घेऊन पाजायला बसलं की दर वेळी शेजारी पेला भरून ठेवायचा आणि तो संपवायचा. कोमट हवं तर कोमट द्या, सासूबाईंचं पण मन राहतं.

दुसरं म्हणजे पालेभाज्या आणि फळं बंद करतात. मेथी खाल्ली की बाळाला हिरवी शी होते, केळ्यानं कफ होतो, पपई गरम, पेरूनं पोट दुखतं, असं सांगतात. पिकली पपई बाळंतिणीनं बिनधास्त खावी. माण, खटाव, जत, आटपाडीकडची ज्वारीची भाकरी, बाजरीची भाकरी भाताऐवजी एका जेवणाला तरी पानात पाहिजे. मटकी, हुलगा, मूग मोड आणून शिजवून, शेपू, मेथी, चाकवत, दुधी, घेवडा, शेवग्याच्या शेंगा, पेरू, केळं, पपई. तासगावकडं तर प्रत्येक घरात बेदाणे असतात, मूठभर रात्री भिजत घालायचे आणि सकाळी पाण्यासकट खायचे, अंजिराचं पण तसंच. दिवसाला २५ ते ३० ग्रॅम फायबर पोटात जायला हवं असं सांगतात, ते तोलत बसू नका, दोन्ही जेवणाला वाटीभर भाजी, एका वेळी भाकरी, वाटीभर उसळ आणि दिवसातून दोन फळं एवढं धरलं की जवळपास जमतं. पण एकदम सगळं सुरू केलं की गॅस होतो, म्हणून तीन-चार दिवसांत हळूहळू वाढवा.

डिंकाचे लाडू बंद करू नका, एक खा आणि वर पेलाभर पाणी किंवा दूध प्या. नुसते लाडू आणि भात यावर सव्वा महिना काढला की खडा होणारच. तिखटाचं विचाराल तर कांदा-लसूण चटणीनं मूळव्याध होत नाही, पण चीर असेल तर दुसऱ्या दिवशी आग फार होते, तेवढे दिवस ठेचा-चटणी लांब ठेवा.

लोहाच्या गोळ्यांचं वेगळं सांगते कारण खडा झाला की पोरी पहिल्यांदा त्याच बंद करतात. करू नका. सरकारी कार्यक्रमात बाळंतपणानंतर १८० दिवस लोहाची गोळी घ्यायची असते, अंगातलं गेलेलं रक्त भरून यायला ती हवीच. गोळीनं शी काळपट होते, ते रक्त नाही, घाबरू नका. त्रास होत असेल तर वेळ बदलायची, कॅल्शियमबरोबर घ्यायची नाही, आणि तरी जमत नसेल तर डॉक्टरला सांगून दुसरी गोळी किंवा डोस बदलून घ्यायचा.

संडासला बसायची पद्धत

पहिली शी व्हायला दोन-तीन दिवस लागले तरी चालतात, पण भीतीनं दाबून ठेवू नकोस. मला माहितीय टाके तुटतील असं वाटतं. मऊ शीनं टाके तुटत नाहीत. दाबून ठेवली की आतलं पाणी शोषलं जातं, शी अजून कडक होते, मग अजून दुखतं, मग अजून दाबावीशी वाटते, आणि ह्या चक्रातूनच फिशर जुनं होतं.

सकाळी काहीतरी गरम पिऊन, थोडं खाऊन अर्ध्या तासानं जा, पोटाला तेव्हा आपोआप चालना मिळते. जायच्या आधी बाळ दुसऱ्या कुणाच्या तरी हातात दे. हे घरच्यांनी ध्यानात घ्या, बाळ रडायला लागलं की ती अर्धवट उठते आणि मग दिवसभर परत जात नाही. कमोड असेल तर पायाखाली पाट किंवा बुटका स्टूल घे, गुडघे कमरेच्या वर आले पाहिजेत, थोडं पुढं वाक, कोपरं मांडीवर. भारतीय संडास असेल तर बसायची पद्धत तीच चांगली, फक्त पहिले काही दिवस टाक्यांमुळं उठता येत नाही, तेव्हा भिंतीला धरायला काहीतरी पक्कं पाहिजे किंवा मधे भोक असलेली कमोड खुर्ची आणून घ्या. पुढं टाके असतील तर स्वच्छ पॅड किंवा कापडाची घडी टाक्यांवर हातानं हलकी दाबून धर, आधार मिळतो. श्वास रोखून कुंथायचं नाही, तोंडानं हळू श्वास सोडत राहायचं. पाच-दहा मिनिटांत नाही झालं तर उठून ये, नंतर परत जा. मोबाईल आत न्यायचा नाही, बसून बसून शिरांवर दाब पडतो.

झाल्यावर पाण्यानं हळू धुवायचं, पुढून मागं, आणि टिपून कोरडं करायचं, घासायचं नाही. साबण नको, डेटॉल तर नकोच नको.

टबात बसणं हे सगळ्यात आराम देणारं काम. मेडिकलमध्ये कमोडवर बसणारा सिट्झ बाथचा टब मिळतो, नसला तर रुंद स्वच्छ प्लॅस्टिकचा टब फक्त ह्याच कामाला ठेवा. कोमट पाणी, हाताच्या कोपरानं बघून सुखकर लागेल एवढंच, आणि दहा ते पंधरा मिनिटं, दिवसातून दोन-तीन वेळा आणि शी झाल्यावर एकदा. नुसतं पाणी पुरतं. आमच्याकडं हळदीचं गाव म्हणून पाण्यात हळद, जखमेवर हळद-तेल लावायची सवय आहे, टाक्यांवर आणि चिरेवर ते लावू नका, जखम ओली राहते आणि आत काय चाललंय ते डॉक्टरला दिसत पण नाही. पहिले एक-दोन दिवस सूज जास्त असेल तर बर्फ कापडात गुंडाळून दहा मिनिटं, थेट कातडीवर नाही.

शेगडी आणि धुरीबद्दल पण बोलायलाच पाहिजे. बाजेखाली निखारे ठेवून खालून शेक देतात, त्यानं ओल्या टाक्यांना आणि मोडाला भाजलेल्या केसेस होतात, शिवाय दारंखिडक्या लावून कोळसा पेटवला तर त्याच्या वायूनं आई आणि बाळ दोघांच्या जिवाला धोका असतो. शेकाचं सगळं सुख कोमट पाण्याच्या टबात मिळतं.

बसायचं कसं तर मधे भोक असलेल्या गोल उशीवर तासन्‌तास नको, त्यानं मधल्या भागावर ताण येतो. मऊ गोधडीची घडी बरी. आणि शक्य तेवढ्या वेळा कुशीवर झोपून पाज, मांडी घालून तास तास बसणं ह्या दिवसांत टाळ. घरातल्या घरात दर दोन तासांनी थोडं चाललं तरी आतडी हलतात. सव्वा महिना खोलीतून बाहेर नाही हे ठीक, पण बाजेवरून खालीच उतरायचं नाही हे चुकीचं.

औषधं

एवढं करून पण शी कडकच असेल तर इसबगोल, एक ते दोन चमचे पूर्ण पेलाभर पाण्यात कालवून लगेच प्यायचं आणि वर अजून एक पेला पाणी. पाणी कमी पडलं तर इसबगोलनंच अजून घट्ट होतं हे विसरू नको. बाकीच्या गोळ्यांपासून तासा-दोन तासांचं अंतर ठेव. दुसरं लॅक्टुलोजचं सिरप, डॉक्टर रात्री घ्यायला देतात, ते रक्तात जवळपास जात नाही म्हणून दूध पाजताना चालतं. एक-दोन दिवस लागतात गुण यायला, एका रात्रीत नाही. एरंडेल देऊ नका, कळा येऊन जुलाब होतात आणि अंगातलं पाणी जातं. सोनामुखीची चूर्णं आपल्या मनानं रोज रोज घेत बसू नका.

दुखण्याला पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन, दोन्ही पाजणाऱ्या आईला चालतात, पण ॲसिडिटी-अल्सर, किडनीचा त्रास किंवा बीपी असेल तर आयबुप्रोफेन विचारल्याशिवाय नको. कोडीन किंवा ट्रामाडॉल असलेली गोळी आपल्या मनानं घ्यायची नाही, ती दुधातून बाळाला गुंगी आणू शकते आणि त्यानं खडा पण वाढतो. भूल देणारं लिग्नोकेनचं मलम शीला जायच्या आधी थोडंसं लावलं की जाता येतं. स्टेरॉइड असलेलं मलम आठवड्याच्या वर वापरायचं नाही, कातडी पातळ होते, ट्यूबवर काय लिहिलंय ते मेडिकलवाल्याला वाचून दाखवायला सांग. आणि एक महत्त्वाचं, डिलिव्हरीत पडलेली तुझी चीर गुदाच्या स्नायूपर्यंत गेली होती असं डिस्चार्ज कार्डावर असेल, तिसऱ्या किंवा चौथ्या डिग्रीचा टिअर म्हणतात त्याला, तर गुदातून आत घालायची गोळी किंवा एनिमा डॉक्टरला विचारल्याशिवाय कुणी दिला तरी घ्यायचा नाही.

ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचे व्यायाम दुखणं थोडं कमी झालं की सुरू कर. वारा रोखून धरल्यासारखं आवळायचं, पाच मोजायचे, तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडायचं. फिशर असेल तर सैल सोडण्यावर जास्त लक्ष दे, तिथला स्नायू आधीच घट्ट आवळलेला असतो आणि त्यानंच चीर भरत नाही.

कधी थांबायचं नाही

रक्त धारेनं पडतंय किंवा चक्कर येतेय. ताप आणि ठसठस. टाक्यातून घाण वासाचं पाणी. मूळव्याधीचा बाहेर आलेला कोंब आत जातच नाही आणि काळानिळा पडलाय. लघवी अडकली. वारा किंवा शी कळायच्या आत सुटते. योनीतून वारा किंवा शी येते. ही शेवटची दोन पोरी वर्षानुवर्षं लपवतात, लग्नकार्याला जात नाहीत, नवऱ्याजवळ झोपत नाहीत, आणि कुणालाच कारण कळत नाही. ह्याला उपचार आहेत, व्यायाम आहेत, ऑपरेशन आहे. आणि योनीतून एवढं रक्त जातंय की तासाभरात पॅड भिजतंय, तर ते मूळव्याधीचं नाही, लगेच १०८ ला फोन.

सरकारी दवाखान्यात जायला संकोच करू नका. सांगलीचं सिव्हिल, मिरजेचं मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल, साताऱ्याचं सिव्हिल, कऱ्हाडचं उपजिल्हा रुग्णालय, सगळीकडं सर्जन असतात, आणि २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आहे, त्यात बाळंतपण तर मोफत आहेच पण पुढं ४२ दिवसांपर्यंतच्या त्रासाची औषधं-तपासण्या पण धरलेल्या आहेत, न्यायला-आणायला १०२ ची गाडी असते. आशाताई तर तुझ्या दारात येते. दवाखान्यात बाळंत झालेलीकडं ती ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येते, बाळाचं वजन करते, तेव्हा पुरुष माणसं बाहेर गेली की तिला सांग. ती तुझ्याच गावची आहे म्हणून सांगायला नको वाटत असेल तर उपकेंद्रातल्या सिस्टरला सांग. तपासायला पुरुष डॉक्टर असेल तर सोबत सिस्टर उभी राहू दे म्हणून मागता येतं, तुझा हक्क आहे तो. फक्त लेडी डॉक्टर मिळेपर्यंत गळू घेऊन घरी थांबायचं नाही.

आणि स्टँडच्या मागं, गल्लीबोळात, भिंतीवर रंगवलेलं असतं, विनाऑपरेशन मूळव्याध एका इंजेक्शनमध्ये बंद. तिथं जाऊ नका हे हात जोडून सांगते. डिग्री नसलेला माणूस तिथं काय टोचतो, काय लावतो ते कुणाला माहीत नसतं, आणि जळलेली, आकसलेली जागा घेऊन बाया मग वॉर्डात येतात, तेव्हा साध्या त्रासाचं मोठं ऑपरेशन झालेलं असतं.

बाळंतपणातली बहुतेक मूळव्याध ऑपरेशनशिवाय बसते. सहा ते आठ आठवडे हे सगळं नीट करून पण रक्त किंवा कळ जात नसेल तर सर्जनला दाखव. आतल्या मूळव्याधीला रबर बँड लावतात, फिशरला तिथला स्नायू सैल करणारं मलम असतं, पाजतेस हे आधी सांगायचं म्हणजे औषध तसं देतील.

पुढचं मूल ठेवायचं असेल तर पहिल्या तपासणीलाच हे सगळं सांग, तिसऱ्या महिन्यापासूनच पाणी-भाजीचं बघता येतं, लोहाची गोळी सुरू होतानाच शी मऊ करायचं औषध जोडीला मिळतं. आणि पहिल्या वेळी तिसऱ्या-चौथ्या डिग्रीचा टिअर झाला असेल तर ह्या वेळी डिलिव्हरी कशी करायची हे डॉक्टर त्यावरून ठरवतात, म्हणून जुनं डिस्चार्ज कार्ड बाळाच्या लसीच्या कार्डाबरोबर एकाच पिशवीत ठेव आणि माहेरी जाताना ती पिशवी सोबत ने.